कांग यात्सेआधी कणकुंबी

पुढच्या ऑगस्टात आम्हाला लडाखमधल्या कांग यात्से-२ या शिखरावर जायचं आहे. शिखराची उंची ६,२५० मीटरच्या आसपास आणि आमचं बेळगाव कसंबसं साडेसातशे मीटर. दिवाळी झाल्यावर टिळकवाडीत सगळे जमलो, ट्रेकिंग कंपन्यांची पत्रकं पसरली, कुणाचं पॅकेज स्वस्त, कुणाचं जेवण चांगलं यावर तासभर वाद झाला. शेवटी सर म्हणाले, "कागदावर पुरे झालं. एक लांब वीकेंड पाठीवर ओझं घेऊन एकत्र काढू या. मग ठरवा पैसे भरायचे की नाही."

सर खानापूर तालुक्यातले. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून त्यांनी बेसिक आणि ॲडव्हान्स असे दोन्ही कोर्स केले आहेत. पण या मोहिमेचे गाइड ते नाहीत. गाइड लेहचा असणार, ते आमच्यासारखेच पैसे भरून येणार. "मी तुमच्यातलाच. मला नाही म्हणायला तुम्हाला जड जाईल आणि तुम्हाला नाही म्हणायला मला. म्हणून बाहेरचा माणूस हवा," हे त्यांचं म्हणणं तेव्हा मला फारसं कळलं नव्हतं.

बाकी मंडळी अशी: एक भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, अनगोळात मेस चालवणाऱ्या वहिनी, इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा आणि मी.

कांग यात्सेच का, असं बरेच जण विचारतात. पूर्वी सहा हजारी शिखराची पहिली हौस स्टोक कांगरीवर भागवली जायची. हिमनदी आणि तिच्यावर जगणारं गावाचं पाणी वाचवायचं म्हणून २०२० पासून तो मार्ग बंद झाला आणि बरीच गर्दी मारखा खोऱ्यात कांग यात्सेकडे वळली. जाहिरातीत त्याला 'ट्रेकिंग पीक' म्हणतात, पण त्या शब्दावर जाऊ नये. वरच्या टप्प्यात क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे), आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि दोर लागतो. शिवाय शेजारचं कांग यात्से-१ सुमारे ६,४०० मीटरचं आणि बरंच अवघड आहे. कंपनीशी बोलताना एक की दोन, हे स्पष्ट विचारून घ्यावं. फोटो बहुतेक वेळा एकचेच दाखवतात.

शुक्रवार : राजहंसगड

आम्ही त्याला येळ्ळूरगडच म्हणतो. येळ्ळूरमधून निघालो तेव्हा भाताची कापणी उरकत आली होती. शिवारात वळ्या रचलेल्या, काही ठिकाणी मळणी चालू, रस्त्यावर दोन्ही बाजूंना भात वाळत टाकलेलं आणि हवेत त्या कोवळ्या पेंढ्याचा वास. पाठीवर माणशी बारा किलो. एक म्हातारबाबा खळ्यावरून आमच्याकडे बघत होते. ते थेट काकांना म्हणाले, "भरतीला चाललासा काय ओ?"

बेळगावात हा प्रश्न चुकत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथलंच, कॅम्पात रोज सकाळी सॅक घेऊन पळणारी पोरं दिसतात, त्यामुळे पाठीवर ओझं म्हणजे भरती. साठीला टेकलेल्या काकांनी छाती काढून "व्हय" म्हटलं आणि पुढचा अर्धा किलोमीटर ते सगळ्यांच्या पुढे चालले.

ओझ्याबद्दल एक उपयोगाची गोष्ट. आम्ही आधी तांदळाच्या पिशव्या भरल्या होत्या. सरांनी त्या काढायला लावून पाण्याच्या बाटल्या भरल्या. चढताना वजन पूर्ण असतं, वर पोचलं की पाणी झाडांना ओतायचं आणि हलकं होऊन उतरायचं. गुडघे उतरतानाच जातात, चढताना दम जातो. सरावात दम वाढवायचा असतो, गुडघे घालवायचे नसतात. तांदूळ काही झाडाला ओतता येत नाही, आणि येळ्ळूरचा बासमती तर नाहीच नाही, असं वहिनी म्हणाल्या.

गड तसा लहान. सिद्धेश्वराचं देऊळ, बुरूज, तटबंदी आणि २०२३ मध्ये बसवलेला शिवरायांचा मोठा पुतळा. गाडीरस्ता वरपर्यंत जातो म्हणून लोक संध्याकाळी वारं खायला येतात. आम्ही दुपारी दोन वाजता, भर उन्हात वर-खाली, वर-खाली. वेग मात्र असा की भाच्याला चीड आली. सरांचा नियम एकच: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग जास्त. मागचा पाय सरळ ताठ करून क्षणभर सगळं वजन हाडावर घ्यायचं, पुढच्या पायाचे स्नायू तेवढ्यात विसावतात, मग पुढचं पाऊल. सपाटीवर हे हास्यास्पद दिसतं. पण ५,५०० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. प्राणवायूचं प्रमाण तेच २१ टक्के, पण दर श्वासात हाताला लागतो निम्मा. तिथे कुणालाच याहून भरभर चालता येत नाही.

पश्चिमेच्या गवताळ उतारावर दोराचा सराव झाला. तिघातिघांचा गट, मधल्याची गाठ वेगळी, दोर ना ताणलेला ना पायात घोळणारा. पुढचा थांबला की मागच्याने थांबायचं. वहिनींना हे पहिल्या दहा मिनिटांत जमलं आणि काकांना शेवटपर्यंत नाही, कारण काका पुढे असले की मागे बघतच नाहीत. पुतळ्याजवळची दोन पोरं धावत आली, "शूटिंग हाय काय?" मग त्यांनी आमचे व्हिडिओ काढले. कुठल्या तरी गावच्या ग्रुपवर आम्ही एकमेकांना बांधून गवतात चालतोय असं फिरत असणार.

शनिवार : कणकुंबी

सकाळच्या लाल बसने पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबी. आधारकार्ड कर्नाटकचं असल्यामुळे आम्हा तिघींना शून्याचं तिकीट, पुरुषांनी पैसे मोजले. वहिनी सगळ्या वाटेत कंडक्टरशी कन्नडमधून गप्पा मारत होत्या आणि उतरताना त्याने सॅका स्वतः उतरवून दिल्या. कुसमळीच्या पुलावरून खाली मलप्रभा दिसते. तिचा उगम कणकुंबीतच, माउली आणि रामेश्वराच्या देवळापाशी. इथून ती पूर्वेला वळते आणि थेट बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आणि याच खानापूरच्या जंगलातून म्हादई निघून पश्चिमेला गोव्यात जाते. एकाच डोंगरपट्ट्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांकडे वाटला जातो आणि त्या वाटणीवरून माणसं कोर्टात भांडतात. म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा प्रकल्पाचं अर्धवट खोदकाम गावाजवळ दिसतंच.

ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशी सरांच्या लांबच्या नात्यातल्या. जुनं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण. जेवायला उकड्या तांदळाचा भात, हुलग्याची आमटी, नाचण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा. आमटीत सुकं खोबरं भाजून घातलेलं होतं आणि ती चुलीवरच्या मातीच्या भांड्यातून थेट वाढली गेली. काकांनी भात तीनदा घेतला.

भातावरून सरांनी विषय काढला. तीनेकशे मीटर वर गेलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. कांग यात्सेचा बेस कॅम्प ५,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे पाणी ८३ अंशांच्या जवळच खळखळायला लागतं. उघड्या पातेल्यात भात कच्चाच राहतो, डाळ तर विचारूच नका. कुकर हवा. कंपनीला विचारायच्या प्रश्नांत 'स्वयंपाकघरात कुकर आहे का' हा प्रश्न वहिनींनी तिथेच लिहून घेतला. मावशी म्हणाल्या, "तांदूळ शिजत नाही तिथं कशाला जातासा?" याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

खाण्याचंच आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी घरी आधीच प्रयोग केला होता. गोकाकचं करदंट, बेळगावचा कुंदा, शेंगदाण्याची चिक्की आणि बाजारातली चॉकलेटं रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी चावून बघितली. चॉकलेट आणि करदंट दोन्ही दगड. डिंक आणि गुळामुळे करदंटात ताकद भरपूर, पण दात गेले तर ती ताकद घेणार कशी? कुंदा गोठला तरी भुरभुरीत राहिला, तोंडात विरघळला. तेव्हा शिखराच्या रात्री खिशात कुंदा आणि पातळ चिक्की. करदंटाचे आदल्या दिवशीच सुपारीएवढे तुकडे करून आतल्या खिशात अंगाशी ठेवायचे. कुणी कुठल्याही गावाहून जात असलं तरी हा प्रयोग करून बघावा. एनर्जी बारच्या वेष्टनावर उणे पंधरात तो कसा लागतो हे लिहिलेलं नसतं.

दुपारनंतर अंगणात शाळा भरली. डॉक्टरीणबाईंनी रांगोळीने एक सरळ रेघ ओढली. टाचेला बोट लावत, एकापुढे एक पाऊल टाकत रेघेवरून चालायचं, शेवटी वळायचं आणि परत यायचं. उंचीवर मेंदूला सूज यायला लागली की आधी तोल जातो, माणूस या साध्या रेघेवर झोकांड्या खातो. तो स्वतः मात्र "मी ठीक आहे" म्हणत असतो. आज सगळे धडधाकट असताना कोण कसं चालतं हे एकमेकांनी बघून ठेवायचं, म्हणजे तिथे फरक कळेल. काका चालायला लागले तशा मावशी पदर तोंडाला लावून हसू लागल्या, "दारू पिऊन आलेल्याला बायको अशीच चालवती."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं थोडक्यात देते. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही विरळ हवेच्या आजाराची सुरुवात. त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, तोल जाणं, बरळणं ही लक्षणं दिसली तर रात्र असो, पाऊस असो, खाली उतरायचं. गोळ्या आणि ऑक्सिजन हे खाली उतरेपर्यंत वेळ मिळावा म्हणून, उतरण्याऐवजी नव्हेत. डायमॉक्स ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी बरेच जण घेतात, प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास असं काही असेल तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघितली तर बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि सारखी लागणारी लघवी याची तिथे जाऊन भीती वाटत नाही. या शेवटच्यावर भाच्याने तंबूतल्या रात्रीबद्दल विचारलं आणि सरांनी रुंद तोंडाची वेगळी बाटली न्यायला सांगितली. हसू नका, तिला ठळक खूण करून ठेवा.

मग रात्रीचा मुद्दा आला. शिखराची चढाई रात्री अकरा-बाराला सुरू होते, कारण पहाटेपर्यंत बर्फ कडक असतो. त्यामुळे रात्री हेडटॉर्चवर चालायचा सराव करावा, म्हणून कणकुंबीहून मध्यरात्री निघून चिगुळ्यापर्यंत जायचं असं आमच्या कागदावर होतं. मावशींच्या यजमानांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"रातीचं नको."

काका म्हणाले, आम्ही सहा जण आहोत, टॉर्च आहेत, डांबरी रस्ता आहे.

"गवे भातात उतरल्यात सध्या. अस्वल हाय. परवा तिकडच्या माणसानं वाघाचं ठसं बघितलं." आणि थोड्या वेळाने, "जायाचं असंल तर उजाडल्यावर जावा. रातीचं नको."

भीमगड अभयारण्य (२०११ मध्ये जाहीर झालेलं) इथून लागूनच आहे. आत बारापेडेच्या गुहा आहेत, जिथे रॉटनचं वटवाघूळ हे जगातलं अत्यंत दुर्मीळ वटवाघूळ राहतं. या जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती नसताना 'शॉर्टकट' म्हणून घुसणारे दर पावसाळ्यात पेपरात येतात. पण आम्ही जाणार होतो तो तर वाहता रस्ता होता. काकांनी सरांकडे बघितलं. सरांनी आधीच बूट काढून ठेवले होते. "इथले गाइड हे," ते यजमानांकडे बोट करत म्हणाले, "आणि गाइड नको म्हणाले."

बस. एवढंच. कागदावरचा रात्रीचा टप्पा खोडला आणि झोपलो. पहाटे धुक्यात घराच्या मागच्या बाजूने शेतात काही तरी जड फुरफुरत गेलं. गवाच असेल असं मावशी म्हणाल्या, आणि दूध काढायला गेल्या.

रविवार : चिगुळे आणि लेहचा फोन

धुकं नऊपर्यंत हटलं नाही. चिगुळ्याच्या वाटेवर झाडांवरून पाणी ठिबकत होतं, जाळ्यांवर दव, आणि सॅकचे पट्टे ओले गार. सह्याद्रीची कड आली तेव्हा समोर काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा. मग एकदम वारा सुटला आणि खाली गोव्याकडचं हिरवं खोरं उघडलं. बघता बघता पुन्हा मिटलं. वहिनींना फोटो काढायला वेळच मिळाला नाही.

तिथेच, एका कातळावर, सगळ्यांच्या सॅका उलट्या केल्या. ही पद्धत कुठल्याही ग्रुपने उचलावी अशी आहे. माझ्याकडून दोन सुती टीशर्ट बाहेर पडले (सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि थंडीत अंग गोठवतो), भाच्याकडून जीन्स, काकांकडून एक अख्खी स्टीलची किटली. चष्म्यांवर सर सगळ्यात कडक होते. साधा गॉगल चालत नाही, कॅटेगरी ४ चा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा, बाजूंनी बंद असलेला लागतो, नाही तर बर्फावरच्या उजेडाने काही तासांत डोळे भाजून निघतात. दुहेरी बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) विकत घ्यायची गरज नाही, लेहमध्ये भाड्याने मिळतात. फक्त मोजे स्वतःचे न्यावेत आणि बूट घालून बघताना तेच मोजे घालावेत. टॉर्चच्या बॅटऱ्या थंडीत लवकर मरतात, जोडी अंगाशी ठेवावी.

कड्यावर नेटवर्क चांगलं लागलं म्हणून लेहच्या माणसाला फोन तिथूनच केला. त्याआधी दोन कंपन्या आम्ही गाळल्या होत्या. एकीच्या वेळापत्रकात राखीव दिवसच नव्हता. दुसरीकडे सहा जणांमागे एक गाइड होता. आमचे प्रश्न सर्वांना उपयोगी पडतील म्हणून लिहिते: गाइडचं प्रशिक्षण कुठलं? शिखराच्या दिवशी किती जणांमागे एक गाइड? एक जण आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार आणि बाकीच्यांचं काय? ऑक्सिजनचा सिलिंडर बेस कॅम्पला असतो की लेहच्या ऑफिसात? परवानग्या आणि इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची फी पॅकेजमध्ये धरली आहे का? विम्यात सहा हजार मीटरच्या वरचं, शिखरापर्यंतचं बचावकार्य येतं का? हवामान बिघडलं तर पैशाचं काय? आणि अर्थात कुकर.

लेहचा माणूस हिंदीत सावकाश बोलत होता. दोघांमागे एक गाइड, राखीव दिवस एक, कुकर दोन. काकांनी विचारलं, "शिखर गाठायची खात्री किती टक्के?" पलीकडे जरा शांतता. "खात्री नहीं है, सर. मैं बोलूँगा वापस, तो वापस. ये मंज़ूर है तो आइए." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आदल्या रात्रीचं तंबाखू मळणारं 'नको' आणि हे 'वापस' एकाच जातीचं होतं. आम्ही तिथेच ठरवलं, हाच माणूस.

वेळापत्रक असं ठरलं. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून विमानाने लेह. विमान एकदम ३,५०० मीटरवर आणून टाकतं, म्हणून पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं आणि पाणी प्यायचं. तिसऱ्या दिवशी थोडं फिरणं. मग गाडीने चिलिंगच्या बाजूने मारखा खोऱ्यात. तिथलं स्क्यू गाव लेहपेक्षा थोडं खालीच आहे, हे शरीराला बरं. पुढे मारखा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग आणि बेस कॅम्प. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांती, हा सर्वमान्य नियम आहे; आमचा आराखडा त्यात जवळपास बसतो, म्हणून आठवडाभराचं स्वस्त पॅकेज सोडलं. परतताना सव्वापाच हजार मीटरच्या आसपास असलेली कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोला उतरायचं. मोटाररस्ता दर वर्षी खोऱ्यात आणखी आत सरकतो आहे, तेव्हा मुक्कामाची गावं निघण्याआधी एकदा विचारून घ्यावीत. हिमनदीचे ओढे सकाळी ओलांडावेत, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

आणखी दोन गोष्टी: लडाखमध्ये आपल्याकडची प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे, परदेशातल्या नातेवाइकाने दिला म्हणून नेऊ नये.

सोमवार : महिपाळगड

रविवारी रात्री घरी येऊन तीन तास झोपलो आणि काकांच्या गाडीने देवरवाडीला गेलो. हद्द ओलांडली की मोबाइलवर महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येतो, एवढाच काय तो फरक. बोली तीच, ऊस तोच. वैजनाथाचं देऊळ अंधारात होतं. तिथून महिपाळगडावर डांबरी रस्ता जातो, गडावर वस्ती आहे, त्यामुळे रात्रीच्या सरावाला जागा ठीक. तरी आदल्या दिवशी गडावरच्या ओळखीच्या घरी फोन करून विचारलं होतं. कणकुंबीत तेवढं शिकलो.

बेत असा: तीनला सुरुवात, एकदा अर्ध्यापर्यंत जाऊन खाली, मग दुसऱ्यांदा निघून सहाच्या आत गडावर. सहा वाजता जिथे असू तिथून मागे. शिखरावरही अशीच वेळ ठरवतात; उशिरा पोचलेला माणूस दमलेला असतो, बर्फ मऊ झालेला असतो आणि उतार तर पूर्ण बाकी असतो. हे सगळ्यांना पाठ होतं. सरांनी नवीन काय केलं, तर घड्याळ भाच्याच्या हातात दिलं. "आज तू गाइड. सहाला तू फिरवायचंस." वयाने सगळ्यात लहान तोच.

थंडी चांगलीच होती. टॉर्चच्या उजेडात तोंडाची वाफ दिसायची, पुढच्याच्या टाचा दिसायच्या, बाकी काही नाही. बोलणं आपोआप बंद पडलं. दुसऱ्या फेरीत वहिनींच्या टाचेला फोड आला. चिकटपट्टी लावायला थांबलो, बूट पुन्हा बांधले, वेळ गेला. पूर्वेला फटफटलं. कोंबडे आरवायला लागले आणि गडावरची पहिली घरं दिसली, अगदी वर, एका वळणापलीकडे. कुणाच्या तरी चुलीचा धूर वर चढत होता.

भाचा थांबला. "काका, सहा वाजले."

"अरे, ते काय समोर आहे. दोन मिनिटं."

"सहा वाजले, काका."

"डॉक्टर, सांगा याला," काका म्हणाले. डॉक्टरीणबाईसुद्धा घरांकडे बघत होत्या; त्यांनाही वर जायचं होतं, ते दिसत होतं. भाच्याने सरांकडे बघितलं. सर खाली वाकून लेस बांधत बसले, बांधलेलीच लेस. लहानपणापासून ज्यांच्या पाया पडत आला त्या माणसाला नाही म्हणायचं होतं त्या पोराला. त्याचे कान लाल झाले होते, थंडीनेही असतील.

"फिरायचं," तो म्हणाला. आवाज फाटला होता. मग जरा मोठ्याने, "सगळ्यांनी फिरायचं."

काका काही बोलले नाहीत. दहा-बारा सेकंद तसेच उभे राहिले आणि वळले. आम्ही सगळे वळलो. तेवढ्यात वरून दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने आम्हाला उतरताना बघून ब्रेक मारला, "गड वर हाय ओ!"

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग आलासा कशाला?"

खाली येईपर्यंत काका गप्प होते. वैजनाथाच्या पायऱ्यांवर बसून बूट काढताना त्यांनी भाच्याला डब्यातला कुंद्याचा मोठा तुकडा दिला आणि म्हणाले, "तिकडे पण तूच घड्याळ धर." लेहच्या गाइडला हे चालेल की नाही माहीत नाही, पण आमच्यापुरतं तसं ठरलं आहे. शिनोळीत गरम भजी आणि चहा झाला.

आता जानेवारीपासून दर रविवारी पहाटे येळ्ळूरगड, आठवड्यातून दोनदा वॅक्सिन डेपोच्या मैदानात ओझ्यासह चालणं, एप्रिलपर्यंत ओझं पंधरा किलोवर न्यायचं. वहिनींनी टाचेसाठी नवीन बूट घेतले, तेच घालून त्या मेसमध्ये वावरतात. पहिला हप्ता लेहला गेला, सहापैकी पाच जणांचा. काकांचा टीएमटीचा (ट्रेडमिलवर चालवून करतात त्या हृदयाच्या तपासणीचा) रिपोर्ट अजून यायचा आहे. तो आल्याशिवाय त्यांचे पैसे भरायचे नाहीत आणि तिकीट काढायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि काकांनी "बरं" म्हटलं.